लिमातला कुडाचा वाडा

माझ्या परदेशवारीची हकिगत पेठ गावच्या स्टँडवर माझा मेहुणा रामदास सांगतो, आणि त्याच्या सांगण्यात मी दर वेळी आणखी थोडा जोरात पळतो. सुरुवातीला मी नुसता पळालो होतो. दिवाळीपर्यंत दोन-दोन पायऱ्या गाळायला लागलो. परवा एका लग्नाच्या पंगतीत तर मी माडीच्या कठड्यावरून उडी घेतली, असं माझ्याच कानावर आलं. पन्नाशीच्या, नव्वद किलोच्या माणसानं कठड्यावरून उडी घेतली तर पंगतीत बसायला तो शिल्लक राहत नाही, एवढा तरी विचार ऐकणाऱ्यांनी करायला हवा होता. म्हणून जे घडलं ते मीच लिहून ठेवतो. माझ्या लिखाणातही मी पळतोच, पण माझ्या बेतानं.

मी वारूळवाडीचा. नारायणगाव, मंचर, जुन्नर या टापूत बंगले, गाळे, शाळांच्या खोल्या बांधतो. माझी बायको सुमन पेठची, आणि पेठच्या पठारावर बटाट्याशिवाय दुसरा विषय नसतो. दोन हजार आठच्या पावसाळ्यात तिकडच्या बारा शेतकऱ्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात जायचं ठरवलं. बटाटा मूळचा तिथला म्हणे. ऐन वेळी दोघांनी विमानाचं भ्या घेतलं आणि रामदास आमच्या दारात येऊन उभा राहिला.

"दाजी, तुमी अन् सुमी चला."

"मला बटाट्यातलं काय कळतं?"

"खाता ना? बास झालं की मग."

सुमननं तोवर माळ्यावरची बॅग खाली काढली होती. माझं मत विचारायचं राहून गेलं.

लिमा, पहिले दोन दिवस

विमानांचं काही सांगत नाही. बसलो, सुजलो, उतरलो.

लिमा समुद्रकाठी आहे आणि ऑगस्टात तिथं हिवाळा असतो. आभाळ सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिजवलेल्या चुन्याच्या रंगाचं. नाणेघाटात धुकं उतरतं तसं अंगाला ओल लागते, आता कोसळणार असं वाटतं, आणि थेंबही पडत नाही. उतरल्या उतरल्या मी गच्च्या बघायला लागलो. सगळ्या सपाट, ना उतार, ना पन्हळ. आमच्या गाईडबाईंना मी विचारलं, "पावसाचं पाणी कुठून काढता?"

"कुठलं पाणी?" त्या म्हणाल्या.

लिमात पाऊस पडतच नाही. आयुष्यभर गळक्या स्लॅबबद्दल शिव्या खाल्लेल्या माणसाला हे ऐकून जन्म चुकीच्या देशात झाल्यासारखं वाटलं.

या गाईडबाईंचं नाव मर्सेडीस. वय साठीच्या आसपास, केस बारीक कापलेले, गळ्यात लोकरीचा मफलर. त्या आमच्याशी इंग्रजीत बोलत. माझं इंग्रजी टेंडरपुरतं: सिमेंट, स्टील, डिले, पेनल्टी. सुमन मात्र त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून सरळ मराठीत बोलायला लागली आणि त्या तिला स्पॅनिशमध्ये उत्तरं द्यायला लागल्या. दोघींचं तासन्‌तास चाले. "काय म्हणाल्या?" असं विचारलं तर सुमन सांगे, "त्यांच्या सुनेचं अन् त्यांचं पटत न्हाई." हे तिला कसं कळलं ते मला अजून कळलेलं नाही.

शहराबाहेरच्या बटाट्याच्या शेतात रामदासची फार वाईट अवस्था झाली. जांभळे, काळे, तांबडे, बोटासारखे लांब, आल्यासारखे गाठाळ, अशी बटाट्यांची रास त्याच्यासमोर मांडली होती. त्यानं एक जांभळा बटाटा कापून पाहिला, आतूनही जांभळाच निघाला. "अन् आमी येवढी वर्सं एकच लावत बसलो," एवढं बोलून तो बांधावर खाली बसला. मी त्याला हसलो. मला वाटलं, या सहलीत हसं व्हायचा मान त्याचा.

तो मान दुपारी जेवतानाच माझ्याकडे आला. ताटात तांबडीभडक, गोल, गुबगुबीत ढोबळी मिरची होती. वाढणारा माणूस बोट हलवून काहीतरी सांगत होता. मी म्हटलं, "बाबा रे, आम्ही जुन्नर तालुक्यातले, ठेच्यावर वाढलेले." आणि निम्मी मिरची एका घासात तोंडात टाकली. ती ढोबळी नव्हती. नुसती ढोबळीसारखी दिसत होती. पुढची दहा मिनिटं मी काय केलं ते मला आठवत नाही. बाकीच्यांना आठवतं. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी आजोबांनी आपलं दूध मला पाजलं एवढं खरं.

आणखी एक. लिमात जिथं तिथं भिंतींवर हिरव्या पाट्या असत आणि त्यांवर मोठं इंग्रजी 'एस' काढलेलं असे. हॉटेलात, बँकेत, दुकानात. स्पॅनिशमध्येही संडासाला 'स' पासूनच काहीतरी म्हणत असतील अशी मी समजूत करून घेतली, आणि मिरचीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका दुकानात त्या पाटीखाली दार शोधत बराच वेळ भिंत चाचपत उभा राहिलो. शेवटी मर्सेडीसबाईंनी सांगितलं. इथं भूकंप वरचेवर होतात. धक्का बसला की पळायचं नाही, जिथं 'एस' असेल तिथं जाऊन उभं राहायचं. ती जागा भक्कम असते.

"पळायचं न्हाई," सुमननं माझ्याकडे बघून पुन्हा एकदा सांगितलं. का सांगितलं देव जाणे.

जुनं शहर, तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी मर्सेडीसबाई म्हणाल्या, आज मी तुम्हाला माझ्या आईचं माहेर दाखवते.

शहराच्या जुन्या भागात, मोठ्या चौकापासून दोन गल्ल्यांवर तो वाडा होता. स्पॅनिश लोकांचं राज्य होतं तेव्हाचा. आता तिथं बाईंची मामेभावंडं राहतात आणि दिवसा लोकांना आत फिरू देतात. पिवळ्या रंगाची लांबलचक भिंत, पितळी फुल्यांचं दार एवढं उंच की उसाची बैलगाडी सरळ आत जावी. वरच्या मजल्याला रस्त्यावर पुढे आलेल्या लाकडी बंद गॅलऱ्या होत्या, कपाटं भिंतीबाहेर टांगावीत तशा, आणि त्यांना बारीक जाळी. आतल्या बायांनी रस्ता बघायचा, रस्त्यानं त्यांना बघायचं नाही.

"म्हंजी हितंबी तसंच व्हतं," सुमन म्हणाली.

आत फरसबंद चौक, मधे कारंजं, भिंतींना कमरेइतक्या निळ्या-पिवळ्या फरशा. त्या फरशा स्पेनहून जहाजानं आणल्या होत्या. वर जायला रुंद जिना. आमची मंडळी दहा मिनिटांत सगळं बघून बाहेर पडली, कारण समोर एक बाई गाडीवर सारण भरून तळलेले बटाटे विकत होती. रामदास तर धावतच गेला. मी, सुमन आणि मर्सेडीसबाई तेवढे माडीवर गेलो.

माडीवरच्या दिवाणखान्यात दगडी खांब होते, वर नक्षीचं लाकडी छत, आणि एका कोपऱ्यात शिडीवर एक गवंडी काम करत होता. त्याचं नाव रोसेंदो. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असेल, हात मात्र खोडासारखे. कोपऱ्यातला गिलावा त्यानं खरवडून काढला होता आणि आतली भिंत उघडी पडली होती. मी सवयीनं जवळ गेलो आणि बघतच राहिलो.

आत वीट नव्हती. दगड नव्हता. लाकडाची चौकट, तिच्यात उभ्या बांधलेल्या बोरूच्या पोकळ काठ्या आणि त्यांवर थापलेली माती. भीमाशंकरकडे कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपून घरं करतात, तसला कूड. माझ्या सासऱ्यांचा पेठचा गोठा असाच होता.

"सुमन!" मी ओरडलो. "अगं, हा तर कूड! तुमच्या गोठ्यातला!"

मग मी दगडी खांबावर टिचकी मारली. पोकळ वाजला. लाकडावर गिलावा करून वर दगडाचा रंग दिला होता. एवढा बडेजावाचा वाडा आणि आत गोठा! मला कोण आनंद झाला. मी मर्सेडीसबाईंना सांगितलं, "धिस नो गुड. आरसीसी गुड. स्टील." आणि कॉलम-बीम म्हणजे काय ते दोन्ही हातांनी हवेत बांधून दाखवलं. बाई म्हणाल्या, खालचा मजला मातीच्या जाड विटांचा आहे. फार पूर्वी एका भूकंपानं सगळं शहर पाडलं, तेव्हापासून इथं वरचा मजला असा हलका बांधतात. मी हसलो. सौजन्यानं हसलो, पण हसलो.

बाई सुमनला पलीकडच्या खोलीतली जाळीची गॅलरी दाखवायला घेऊन गेल्या. रोसेंदोला छताजवळ काहीतरी करायचं होतं. फरशी गुळगुळीत होती, शिडी सरकत होती. त्यानं मला खूण केली, जरा धरता का? मी दोन्ही हातांनी शिडी धरली. भाषा येत नसली तरी धंदा एकच. तो वर चढला.

माझ्या साईटवर एक नियम आहे. शिडी धरणाऱ्यानं आभाळ कोसळलं तरी शिडी सोडायची नाही. तंबाखू मळायला हात सोडला म्हणून मी एका बिगाऱ्याला भर उन्हात घरी पाठवलं होतं आणि वर तासभर भाषण दिलं होतं.

आधी आवाज आला. भरलेला ट्रक गल्लीतून जावा तसा. मग छताला टांगलेल्या झुंबराच्या काचा एकमेकींवर वाजायला लागल्या. मग पायाखालची फरशी एका अंगाला गेली आणि परत आली.

त्र्याण्णव साली किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी पत्र्याच्या शेड उभारायला तिकडे गेलो होतो. तीन आठवडे होतो. रुंद दगडी भिंती, वर मातीचं माळवद, आणि त्याखाली माणसं. तिथं जे पाहिलं ते मी सुमनलाही कधी सांगितलेलं नाही. तेव्हापासून दगडमातीच्या कामाला मी हात लावत नाही. हे सबब म्हणून सांगत नाही. त्या क्षणी मला किल्लारी आठवली असंही नाही. मला काहीच आठवलं नाही. पायांना आठवलं असेल.

मी शिडी सोडली आणि पळालो.

जिना कसा उतरलो ठाऊक नाही. कठडा धरून उतरलो, एवढं रामदासनं ध्यानात घ्यावं. चौकात एका कमानीखाली हिरव्या पाटीच्या खाली पाच-सहा माणसं शांत उभी होती. त्यांतल्या एका बाईनं मला जागा व्हावी म्हणून सरकूनही घेतलं. मी तिच्यासमोरून, कारंज्याला वळसा घालून, पितळी फुल्यांच्या दारातून थेट रस्त्यावर आलो.

रस्त्यावर रामदास उभा होता. हातात बटाटा, तोंडात बटाटा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागं पाहिलं, घास गिळला.

"दाजी, सुमी कुठंय?"

संसाराच्या इतक्या वर्षांत मला कुणी इतका सोपा प्रश्न विचारला नसेल. मी माझ्या हातांकडे पाहिलं. तळव्यांवर शिडीच्या कडांचे वळ होते. म्हणजे सुमनही वर, आणि तो माणूसही वर.

मी परत वळलो. दारात वाड्याचा रखवालदार आडवा उभा होता. आत सोडेना. "मोमेंतो, मोमेंतो," म्हणत त्यानं मला छातीवर हात लावून थोपवलं. बाहेर पडताना कुणी अडवलं नव्हतं. रामदास माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या हातातला बटाटा तसाच होता. जमीन थांबली तरी वरच्या लाकडी गॅलऱ्या कुरकुरत होत्या. धक्का अर्ध्या मिनिटाचा होता असं नंतर कळलं. माझा हिशेब वेगळा आहे.

रखवालदारानं हात काढला तसे आम्ही दोघे जिना चढलो.

दिवाणखान्यात पिठाची गिरण फुटल्यासारखा पांढरा धुरळा होता. शिडी उभी होती. एका बाजूनं मर्सेडीसबाईंनी धरली होती आणि दुसऱ्या बाजूनं सुमननं, पदर खोचून, शिडीला मिठी मारून, गाल शिडीला टेकवून. तिचे केस, भुवया, माझं तिनं घातलेलं स्वेटर, सगळं गिलाव्याच्या भुकटीनं पांढरं झालं होतं. रोसेंदो वर छताच्या तुळईला धरून होता.

"उतरा दादा," सुमन त्याला सांगत होती. "हळू. हितं पाय. आता दुसरा. भ्यायचं न्हाई."

तो मराठी कळत असल्यासारखा एकेक पायरी उतरला. खाली आल्यावर त्यानं सुमनचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. त्याच्या कोपराला खरचटलं होतं, बाकी धड होता. शिडीखालची फरशी मी पाहिली. तिथून पडता तर धड राहता ना.

आणि भिंत? दोन-तीन केसांएवढ्या चिरा. बाकी जशीच्या तशी. सुमननं रामदासला सांगितलं, मला नाही, "दादा, भित सुपावानी झुलली. अशी गेली अन् अशी आली. पर पडली न्हाई."

मी रोसेंदोपुढे हात जोडले. त्यासाठी टेंडरच्या इंग्रजीत शब्द नव्हता. तो माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. मर्सेडीसबाई सांगू की नको अशा घुटमळल्या, मग म्हणाल्या, "तो म्हणतो, वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या वेळी सगळेच पळतात. तोही पळाला होता." जरा थांबून त्यांनी पुढचंही सांगितलं. "तेव्हा तो सात वर्षांचा होता."

रामदास हसला नाही. तिथं हसला असता तर बरं झालं असतं.

तिथंच, तिसऱ्या दिवशी दुपारनंतर

बाकीची मंडळी बाजारात गेली. मी म्हटलं, मी थांबतो, गवंड्याला मदत करतो. सुमनही थांबली.

रोसेंदोनं मला माती दिली. चाळलेली माती, बारीक चिरलेलं गवत, पाणी. मी फावड्यानं कालवली. त्यानं एक मूठ उचलून दाबली, मान हलवली आणि पुन्हा कालव अशी खूण केली. तीनदा. मग थापी दिली. मी सिमेंटच्या सवयीनं सपकन फटका मारला आणि सगळा लगदा बोरूंवरून घसरून माझ्या बुटावर पडला. पंचवीस वर्षं बांधकामात काढलेला माणूस मी. रोसेंदोनं शांतपणे माझ्या हातातली थापी काढून घेतली.

तोवर सुमन चौकातल्या नळावर तोंड धुऊन वर आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. बांगड्या मागं सारल्या, मातीचा गोळा घेतला आणि तळहाताच्या टाचेनं बोरूंच्या फटींत दाबत खालून वर नेला. पुन्हा गोळा, पुन्हा खालून वर. लग्नाआधी दर दिवाळीला तिनं तो गोठा असाच लिंपला होता. माती बसली ती बसलीच.

"माएस्त्रा," रोसेंदो म्हणाला.

"म्हणजे उस्ताद," मर्सेडीसबाईंनी मला सांगितलं. मला ते भाषांतराशिवायही कळलं होतं.

मग काम असं वाटलं गेलं: रोसेंदो आणि सुमन भिंतीवर, मी घमेलं उचलायला. दिवस मावळेस्तोवर मी घमेली वाहिली. मधे रोसेंदो पुन्हा शिडीवर चढला तेव्हा मी धरायला पुढे झालो. त्यानं एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग सुमनकडे पाहिलं. तिनं मान हलवल्यावर तो चढला. मी शिडी अशी धरली होती की उतरल्यावर त्याला माझी बोटं सोडवावी लागली.

त्या संध्याकाळी सुमन माझ्याशी बोलली नाही. भांडलीही नाही. भांडली असती तर मला काहीतरी उत्तर सापडलं असतं. तिनं माझ्या स्वेटरवरची माती झटकली, घडी केली आणि माझ्या बाजूच्या खुर्चीवर ठेवली.

चौथा दिवस, सकाळ

सकाळी हॉटेलच्या खालच्या मजल्यावर सगळे नाश्त्याला बसलो होतो. सुमन माझ्यासमोर, रामदास बाजूला. ती पावाला लोणी लावत होती. आणि तोच आवाज आला. भरलेल्या ट्रकचा. कपबशा थरथरल्या.

या वेळी पायांच्या आधी हात गेला. मी सुमनचं मनगट धरलं, तिला खुर्चीवरून उठवलं आणि टेबलक्लॉथसकट, कॉफीच्या किटलीसकट, कपबशांसकट ओढत भिंतीशी नेलं. हिरव्या पाटीच्या बरोब्बर खाली. तिथं मी तिला भिंतीला टेकवून तिच्यापुढे दोन्ही पाय रोवून उभा राहिलो.

सगळं हॉटेल आमच्याकडे बघत होतं. बाकी कुणी जागचं हललं नव्हतं. काचेच्या दारातून समोरच्या रस्त्यावरनं एक ट्रक जाताना दिसत होता. साधा ट्रक. विटांनी भरलेला.

रामदासनं मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलायला लागले. मग सगळी पेठची मंडळी हसली, मग वेटर हसला, मग ज्यांना काही माहीत नव्हतं तेही हसले. माझ्या पँटवरून कॉफी खाली बुटात उतरत होती. मी सुमनचा हात सोडला.

तिच्या दुसऱ्या हातात लोण्याची सुरी तशीच होती. आदल्या दुपारपासून ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. तिनं ट्रककडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सोडला कशापायी?" ती म्हणाली. "धरलाय तर धरा की आता."